गठ्ठा मुलानंच सोडायचा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. गणितपेटी, म्हणजे शाळेतली गणिताच्या साहित्याची पेटी, उघडून तू तिसरीला दोन तासिका दशक-एकक शिकवलंस आणि दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त वह्यांत ४३ वजा १८ बरोबर ३५. म्हणून तू विचारतेस, या साहित्यानं खरंच काही होतं, की फळ्यावर रीत सांगून सराव घेतलेला बरा?

तुझ्या मेसेजमधल्या एका वाक्यापाशी मी अडलो. ‘टेबलावर सगळ्यांना दिसेल असं करून दाखवलं.’ म्हणजे साहित्य तू हाताळलंस, मुलांनी पाहिलं. मग वजाबाकी तुला आली, त्यात नवल काय! रागावू नकोस, पण माझ्याकडे सांगण्यासारखं एकच आहे: दहा काड्यांचा गठ्ठा मुलानंच बांधायचा आणि मुलानंच सोडायचा.

ते ३५ आलं कुठून, बघ. ८ मधून ३ गेले, ५. ४ मधून १ गेला, ३. मूल बेफिकीर नाही. मोठ्यातून लहान काढायचं, हा तूच दिलेला नियम ते इमानानं पाळतंय. त्याच मुलाच्या हातात चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या दे, आणि शेजारच्याला त्याच्याकडे अठरा काड्या मागायला सांग. एक गठ्ठा देईल, तीन सुट्या देईल आणि थांबेल. अजून पाच हव्यात. थोडा वेळ तुझ्याकडे बघेल. तू बोलू नकोस. हे फार जड जातं, ठाऊक आहे मला. तरी बोलू नकोस. मग ते एका गठ्ठ्याचं रबर काढेल. पुस्तकातलं ‘दशक सुटा करणं’ ते हेच, आणि ते त्याच्या बोटांनी झालं पाहिजे.

पेटीतल्या दशकाच्या दांड्यांचीही इथेच अडचण आहे. दांडी सुटत नाही. ती ठेवून दहा सुटे ठोकळे घ्यावे लागतात. हा झाला अदलाबदलीचा करार, आणि तो ज्यानं दहा दहा मोजून गठ्ठे बांधलेत त्यालाच पटतो. म्हणून आधी काड्या, मग दांड्या, त्यानंतर दहाच्या खोट्या नोटा आणि रुपयाची नाणी. झोल्टान डीन्स या गणितज्ञाचे ठोकळे जगभर गेले. त्याच्या मूळ संचात फक्त दहाचे नव्हते, तीन-तीनचे, चार-चारचेही गट होते. ‘इतके झाले की एक मोठा’ हे मुलांना कळावं, दहा हा आकडा नुसता पाठ होऊ नये, हा त्याचा हेतू. आपल्याकडे मात्र दहाचे ठोकळे आले आणि कपाटात गेले.

कपाटावरून आठवलं. तुमचे मुख्याध्यापक म्हणतात, पेटी डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या वहीत, नोंदवलीय, मणी हरवले तर तपासणीत कोण उत्तर देणार? हे मी नोकरीभर ऐकलं. किल्लीसाठी भांडायचा मला कंटाळा यायचा. मी खराट्याच्या काड्या तोडून आणल्या, पंक्चरवाल्याकडून फाटक्या ट्यूबा आणून त्यांचे काप रबरासारखे वापरले. ‘काडीवाले गुरुजी’ हे नावही पडलं. खंत आहे ती वेगळी. शेजारच्या वर्गांची पेटी बंदच राहिली आणि मी माझ्या काड्यांत खूश होतो.

पैशाचं रडगाणं मात्र मला सांगू नकोस. १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी सुरू केली. माँटेसरीचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. तुझ्या गावात खराटा मिळतो ना?

आणि तुमच्या शाळेतला तो स्मार्ट टीव्ही. पडद्यावरचा गठ्ठा सुंदर सुटतो, वर संगीतही वाजतं. पण सोडला कुणी? व्हिडिओ काढणाऱ्यानं. गठ्ठा मुलानंच सोडायचा.

आणखी एक. तू सोमवारी साहित्य घेतलंस आणि मंगळवारी वही. तसं नको. डावीकडे काड्या, उजवीकडे वही, एकाच वेळी. रबर निघालं की लगेच वहीत ४ खोडून ३, आणि ३ च्या जागी १३. ती खाडाखोड म्हणजे झालेल्या कामाची नोंद आहे, हे मुलाला दिसलं पाहिजे. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. सत्तावीस म्हणा नाहीतर वीस सात म्हणा, समोर दोन गठ्ठे आणि सात सुट्या असतील तर पोराचं फारसं अडत नाही.

खरी परीक्षा ३०२ वजा १४७ ला. मधे शून्य. इथे रीत पाठ असलेलीही गडबडतात. दहा गठ्ठे सुतळीनं बांधून शंभराचा भारा करून ठेव, असे तीन. भारा सोडला की दहा गठ्ठे, त्यातला एक सोडला की दहा सुट्या. म्हणजे दोन भारे, नऊ गठ्ठे, बारा काड्या. ते ९ आकाशातून पडत नाही. माझा वर्ग इथे रेंगाळायचा. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून शेरे मिळाले, एका साहेबांनी तर वर्गात काडीकचरा म्हणून झापलं. पडला मागे! पण नंतरचा भागाकार मला शिकवावाच लागला नाही, असं म्हटलं तरी चालेल. बरं, जरा जास्तच बोललो. शिकवावा लागला, पण भांडावं लागलं नाही.

काड्या कधी काढून घ्यायच्या, हे तू ठरवू नकोस. एखादं पोर काड्यांकडे न बघता उत्तर लिहील. त्याला पडताळा म्हणून एकदा मांडायला लाव आणि सोडून दे. दुसऱ्याला दिवाळीनंतरही लागतील. लागू देत.

या आठवड्यात चौघांचे गट कर आणि पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या सारख्या वाटायला सांग. एकेक गठ्ठा वाटून एक उरेल, तिथे गप्प बस. त्या वेळी मुलं काय बोलतात ते जसंच्या तसं मला लिहून पाठव. तेरा उत्तर येतं हे मला माहीत आहे. आणि रबरं कमी पडली तर कळव, ट्यूबचे काप एसटीनं पाठवतो.

तुझा,
काडीवाला गुरुजी