पृथ्वीच्या तोंडातला थर्मामीटर

प्रश्न: मी हौस म्हणून व्यंगचित्रं काढते. हवामान बदलावर चार-पाच काढली, वितळणाऱ्या बर्फाच्या तुकड्यावर एकटं अस्वल वगैरे. लोक 'भारीये' म्हणतात आणि पुढं स्क्रोल करतात. एकानं तर सुनावलं की एवढ्या गंभीर गोष्टीवर हसायचं काय. माझं चुकतंय कुठं?

अस्वलाला बिचाऱ्याला आता सुट्टी द्या. ते चित्र इतक्या वेळा काढून झालंय की डोळा त्यावर ठरतच नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं हा प्रॉब्लेम अस्वलाचा आहे, आपला काय संबंध. मी तुम्हाला हसत नाहीये हां, पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर आणि डोक्यावर बर्फाची पिशवी हे चित्र मी स्वतः किती वेळा काढलंय ते सांगायची लाज वाटते.

आणि हसायचं की नाही म्हणाल तर मुद्दा कुणावर हसायचं हा आहे. ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्याच्यावर नाही हसायचं, पण गुडघाभर पाण्यात उभं राहून 'अहवाल येऊ दे मग बघू' म्हणणाऱ्यावर बिनधास्त हसा. १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनासाठी वॉल्ट केली या अमेरिकन व्यंगचित्रकारानं एक पोस्टर केलं होतं, त्यात त्याच्या चित्रमालिकेतला पोगो नावाचा प्राणी हातात काठी आणि पोतं घेऊन कचऱ्यानं भरलेल्या जंगलात उभा आहे आणि ओळ अशी की शत्रू भेटला आपल्याला, तो म्हणजे आपणच. पन्नासच्या वर वर्षं झाली तरी ते टोचतं, कारण बघणारा स्वतःच त्या चित्रात सापडतो.

प्रश्न: कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही, मग काढायचा कसा? चिमणीतून काळा धूर दाखवला तर चालेल ना?

सगळे तेच करतात आणि तिथंच घोळ होतो. काळा दिसतो ती काजळी, कार्बन डायऑक्साइडला रंगच नाही. वीज केंद्राच्या त्या कंबर बारीक असलेल्या जाड टॉवरमधून निघणारे पांढरे ढग तर बहुतेक पाण्याची वाफ असते, पण चित्रात व्हिलन तोच. मग मुलांच्या डोक्यात बसतं की धूर दिसला नाही म्हणजे सगळं ठीक. असाच दुसरा घोळ बर्फाचा. समुद्रात आधीच तरंगणारं बर्फ वितळलं तर पातळी जवळपास वाढत नाही, वाढते ती जमिनीवरचं वितळून समुद्रात आलं की, म्हणजे ग्रीनलंड, अंटार्क्टिका, डोंगरातल्या हिमनद्या. शिवाय समुद्राचं पाणी तापून फुगतं ते वेगळंच, आणि ते तर कुणी काढतच नाही.

मला विचाराल तर बाथटब काढा. वर नळ धो धो सुटलाय, खाली ड्रेनचं भोक एवढुसं, आणि टबात नाकापर्यंत बुडालेले चार-पाच सूटवाले चर्चा करतायत की नळ दरवर्षी किती हळूहळू फिरवायचा. जोक झाला आणि सायन्सही झालं. आपण सोडतो त्यातला साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड झाडं, माती आणि समुद्र शोषतात, उरलेला हवेत साठत जातो. म्हणून नळ थोडा कमी केला तरी टब भरतच राहतो, भरायचा वेग तेवढा कमी होतो. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआवर मोजायला सुरुवात झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. टबाच्या कडेला पट्टी काढून हे दोन आकडे लिहा, बाकी भाषण नको. (सूटवाल्यांचे टाय पाण्यावर तरंगताना काढा, चित्र तिथंच जमतं.)

प्रश्न: आमच्या फॅमिली ग्रुपवर एक काका आहेत, जरा गारठा पडला की 'कुठंय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग' टाकतात. लिंका पाठवून दमलो.

लिंका कोण उघडतं हो. त्यांचंच लॉजिक उचला आणि दुसऱ्या जागी ठेवून चित्र काढा: आज पगार झाला, म्हणजे कर्ज फिटलं! ग्रुपला कळतं की फट कुठंय, आणि काकांना कुणी खोटारडं म्हटलं असंही होत नाही. जॉन कुक नावाचा संशोधक आहे, आधी व्यंगचित्रं काढायचा, त्यानं या युक्तीवर 'क्रँकी अंकल' नावाचा गेमच केलाय. त्यात तुम्ही चिडक्या काकाच्या बाजूनं खेळून सगळ्या पळवाटा शिकता, मग बाहेर कुणी तीच पळवाट काढली की लगेच ओळखू येते. लस टोचल्यासारखंच. फक्त काकांचा चेहरा हुबेहूब काढू नका, जोक राहील बाजूला आणि रुसवेफुगवे निस्तरत बसाल.

प्रश्न: चित्रानं खरंच कधी काही बदललंय का?

नुसत्या चित्रानं क्वचितच. पण जे. एन. 'डिंग' डार्लिंगचं ऐका. निसर्ग वाचवा म्हणून वर्षानुवर्षं सरकारला चिमटे काढणारा हा अमेरिकन व्यंगचित्रकार, दोनदा पुलित्झर मिळालेला, त्याला १९३४ मध्ये सरकारनं थेट वन्यजीव खात्याचा प्रमुखच केलं. त्याच वर्षी तिथं बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी एक स्टॅम्प घेणं सक्तीचं झालं, त्याचा पैसा पाणथळ जागा राखायला. पहिल्या स्टॅम्पवरची बदकं कुणी काढली असतील? साहेबांनीच.