वाचकांचे प्रश्न : रेशनचा गहू आणि महाग डाळ

प्रश्न : रेशनवर गहू-तांदूळ मोफत मिळतो, मग तूरडाळ एवढी महाग का? – एक गृहिणी, इंदूर

उत्तर : याचे एक मोठे कारण सरकारी खरेदीत आहे. हमीभाव 22 पिकांना जाहीर होतो; परंतु मोठ्या प्रमाणावर, हमखास खरेदी होते ती मुख्यत्वे गहू आणि धानाचीच, त्यामुळे आपल्या माळव्यातही विहिरीला पाणी असलेला शेतकरी हरभऱ्याऐवजी गव्हाकडे वळतो आणि डाळी बहुधा कोरडवाहू जमिनीवर, पावसाच्या भरवशावर उरतात; म्हणून त्यांचे पीक कमी येते आणि भाव चढतो. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला (म्हणजे रेशनसाठी पात्र ठरलेल्या गरजू कुटुंबाला) माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते. त्याने पोट भरते, प्रथिनांची उणीव मात्र राहते. रेशनवर डाळही नियमित मिळावी, असे मला ठामपणे वाटते. तोवर तुरीऐवजी बाजारात जी डाळ स्वस्त असेल, तिचे वरण करावे.