दूध न पाजणाऱ्या आईला

ताई, बाळ तुझ्या जोडीदारणीच्या अंगावर पितं आणि आपण नुसती दुपटी वाळत घालतो, असं वाटतंय ना? सुरुवातीला वाटतंच. दूध सोडून जमेल ते आपल्याकडे घे: ढेकर काढणं, आंघोळ, रात्री खांद्यावर फिरवणं. रोज तेच काम, त्याच हातांनी. आणि उघड्या छातीवर बाळाला निजव. अंगात फक्त लंगोट, मान एका बाजूला, नाक मोकळं. तू मात्र जागी राहा. जळगावच्या मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा हे पहाटे कर. कूलरचा झोत बाळावर नको.

मालिशवाली "खरी आई कोण?" विचारेलच. "दोघी" म्हणायचं आणि तेलाची वाटी पुढे करायची.

माया लगेच दाटून आली नाही तरी घाबरू नकोस. बाळंतिणीलाही कित्येकदा वेळ लागतो. उदासी दोन आठवड्यांवर टिकली तर डॉक्टर गाठ. हो, तूसुद्धा.

कागदांचं मात्र बघच. समलिंगी विवाहाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही आपल्यासारख्या दोघींना जोडीने दत्तक घेता येत नाही. म्हणून जोडीदारणीने मृत्युपत्रात तुला बाळाची पालक नेमावं. वकिलाकडे बारशाआधीच जाऊन या, नंतर पाहुण्यांत राहून जातं.