त्रिज्येतला 'त्रि' कशाचा?

चाळीसगावच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : 'परिघावरून त्रिज्या काढा' हे उदाहरण सोडवताना मुलं म्हणाली, मध्यापासून काठापर्यंत रेघ तर एकच, मग 'त्रि' कशाचा?

प्रश्न फार चांगला आहे. उत्तर भूमितीपेक्षा ज्योतिषात, म्हणजे जुन्या खगोलगणितात सापडतं. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा हे धनुष्य मानलं, तर त्याची टोकं जोडणारी रेघ ही दोरी. गणिताला सोयीची म्हणून ज्योतिषी अर्धीच दोरी घेत आणि तिलाच ज्या म्हणत. कोनाबरोबर ज्या वाढत जाते आणि ९० अंशांना थेट मध्यापासून काठापर्यंत पोचते. एक रास ३० अंशांची, म्हणजे ९० अंशांच्या राशी तीन. तीन राशींची ज्या, ती त्रिज्या. 'त्रिभज्या' असाही शब्द आहे. त्यातला 'भ' म्हणजे रास.

मला याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. ही त्रिज्या काढली जाई तीही परिघावरूनच! परीघ ३६० अंशांचा, म्हणजे २१,६०० कलांचा (एका अंशाच्या ६० कला). आर्यभटाने (इ. स. ४९९) व्यास २०,००० तर परीघ ६२,८३२ असं प्रमाण दिलं. त्या हिशेबाने त्रिज्या येते सुमारे ३,४३८ कला, आणि ज्येच्या जुन्या कोष्टकांत हाच आकडा आहे. मुलांकडून हा भागाकार जरूर करून घ्या.

'लीलावती'त (११५०) भास्कराचार्य दोन प्रमाणं देतात : सूक्ष्म हवं तर ३९२७/१२५०, व्यवहाराला २२/७. पहिलं म्हणजे आर्यभटाचंच, १६ने संक्षेप दिलेलं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, हे सांगणारा १२०७चा शिलालेख तुमच्याच तालुक्यात, पाटणादेवीजवळ पाटणला सापडला. सहल तिकडेच न्या.

जाता जाता : भास्कराचार्यांचा शब्द 'परिधि' आहे. संस्कृतात 'परिघ' म्हणजे मुख्यतः दाराचा अडसर. मराठीत मात्र 'परीघ' पक्का रुळला आहे, तो बदलायचं कारण नाही. बोलण्यात आपण झाडाचा 'घेर'च म्हणतो. वर्गातही तो शब्द खुशाल वापरा. उभ्या निंबाची त्रिज्या पट्टीने मोजता येत नाही, पण घेराला दोरी लावता येते. घेर २२० सेंमी भरला, तर ७ने गुणून ४४ने भागा : त्रिज्या ३५ सेंमी.