जाऊबाईंचे शेअर, माझ्या पाटल्या

प्रश्न : सदाशिव पेठेत माझी मेस आहे. गिऱ्हाईक म्हणजे सगळी एमपीएससीची पोरं. मार्च २०२० मध्ये ती गावी गेली आणि परीक्षा पुढे-पुढे ढकलत राहिली. गाळ्याचं १८ हजार भाडं मात्र थांबलं नाही. आधी एफडी मोडली, ऑगस्टमध्ये सासूबाईंच्या पाटल्या बँकेत गहाण टाकल्या. त्या सोडवता आल्या नाहीत, २०२१ च्या अखेरीस लिलावात गेल्या. मोठे दीर आयटीत, त्यांचं काम घरून चालू होतं. जाऊबाईंनी तेव्हा शेअर घेऊन पैसे दुप्पट केले. त्या म्हणतात, "संधी ओळखता आली पाहिजे." माझं काय चुकलं? आता मेस परत चालतेय, महिन्याला सात-आठ हजार सुटतात. शेअरमध्ये टाकू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली सात सोनेतारणाच्या खिडकीवर. पाटल्या उतरवल्यावर मनगटावर जो फिकट पट्टा राहतो, तो बायका पदराखाली झाकतात. त्यामुळे तुमचं पत्र दोनदा वाचलं.

तुम्ही पाटल्या टाकल्या तो महिना बघा. ६ ऑगस्ट २०२० ला रिझर्व्ह बँकेने सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला बँकांना परवानगी दिली. त्याच आठवड्यात दहा ग्रॅमचा भाव ५६ हजारांच्या घरात होता. अडलेल्याला बरंच वाटणार, जरा जास्त पैसे मिळतायत. मार्च २०२१ मध्ये भाव ४५ हजारांच्या आसपास उतरला. म्हणजे लाखाच्या सोन्यावर कुणी ९० हजार उचलले असतील, तर सोनं उरलं ८० हजारांचं आणि कर्जावर व्याज चढतंय. अशा वेळी बँकेची नोटीस येते. पोरं परतायला लागली होती, तोवर एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद. लिलावात बोली लावणारा कोण असतो? ज्याच्या हातात त्या दिवशी रोकड आहे तो. २०२५ मध्ये तेच दहा ग्रॅम लाखाच्या वर गेलं. पाटल्या सोन्याच्याच होत्या हो, पण भाडं महिन्याच्या महिन्याला मागत होतं.

आता जाऊबाई. २३ मार्च २०२० ला शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि २१ जानेवारी २०२१ ला ५० हजारांना शिवला. २०२० च्या मे महिन्यात मीही थोडे शेअर घेतले, माझेही वाढले. अभ्यास शून्य. पेन्शन वेळेवर जमा होत होती आणि खर्चायला बाहेर पडता येत नव्हतं, एवढंच माझं भांडवल! पडलेल्या भावात विकणारे होते म्हणून आम्हाला स्वस्त मिळालं. त्यात तुमच्यासारखे अडलेले किती होते, हे मी तेव्हा मनात आणलं नाही.

सवलतीही ज्याला काही होतं त्यालाच जास्त लाभल्या. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ५.१५ वरून ४ टक्क्यांवर आला, तसं गृहकर्ज स्वस्त झालं. कर्जाचे हप्ते सहा महिने पुढे ढकलता आले (व्याज चालूच होतं, हे पुष्कळांना नंतर कळलं). तुमच्याकडे ऑगस्टपर्यंत कर्ज नव्हतं, भाडं होतं. त्याला रिझर्व्ह बँक काय करणार? आणि ठेवीवर जगणाऱ्यांचं व्याज पाच टक्क्यांच्या आसपास येऊन टेकलं, ते वेगळंच.

तेव्हा चुकलं वगैरे डोक्यातून काढा. जाऊबाईंशी भांडूही नका. एवढंच विचारा, एप्रिल २०२० चा पगार भाऊजींना कितव्या तारखेला मिळाला.

शेअरचं म्हणाल, तर आत्ता नको. सहा महिन्यांचं भाडं होतं १ लाख ८ हजार. ते आधी बँकेत साठवा, आवर्ती ठेवीत. व्याज कमी आहे म्हणून कुणी हसेल, हसू दे. तुमच्या शिलकीतून त्याला चौदा-पंधरा महिने लागतील. तेवढी रक्कम झाली की मला पुन्हा लिहा, मग शेअरचं बोलू.