नागपूरची दहा वर्षांची मुलगी मुंबईतील मालिकेत काम करणार असेल, तर मोठेपणी तिच्या हाती किती पैसे राहतात?

उत्पन्नाचे किमान 20 टक्के तिच्याच नावावर राहतात, कारण बालकामगार कायद्याखालील नियमांत 2017 साली झालेल्या दुरुस्तीनुसार एवढी रक्कम निर्मात्याने थेट राष्ट्रीयीकृत बँकेतील मुदत ठेवीत भरायची असते आणि ती मुलीला सज्ञान झाल्यावर मिळते. 'बालिका वधू'तील छोटी आनंदी, अर्थात अविका गोर, 2008 मध्ये कॅमेऱ्यासमोर उभी राहिली तेव्हा ही तरतूद नव्हती. याच नियमांनुसार दिवसाला पाच तासांहून अधिक, विश्रांतीविना तीन तासांहून अधिक आणि सलग 27 दिवसांहून अधिक काम देता येत नाही. नागपूरकर पालक इथे हमखास गोंधळतात: निर्मात्याने घ्यायची परवानगी सिव्हिल लाइन्समधील आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयाची नसते, तर चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होईल तेथील जिल्हाधिकाऱ्यांची असते. मात्र उरलेले 80 टक्के कसे खर्च करावेत याविषयी हे नियम काही सांगत नाहीत. ते सर्वस्वी पालकांच्या हाती असते, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी ठेवीचा स्वतंत्र उल्लेख करून घ्यावा आणि पहिल्या मानधनानंतर ठेवीच्या पावतीवर मुलीचेच नाव आहे ना, हे पाहावे.