एकच कप्पा बदलला, पण अख्खा स्तंभ बदलला!

प्रश्न : पायथनमध्ये शून्यांचा 3×3 मॅट्रिक्स असा केला : म = [[0]*3]*3. मग म[0][0] = 5 लिहिलं, तर तिन्ही ओळींत पहिल्या जागी 5 आला. एरर काहीच नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : बाहेरच्या *3 मध्ये. आतल्या [0]*3 ने तीन शून्यांची एक लिस्ट तयार होते, तिथवर सगळं ठीक. बाहेरचा *3 मात्र त्या लिस्टच्या तीन प्रती काढत नाही, त्याच एका लिस्टचा पत्ता तीनदा लिहून ठेवतो. घर एकच, पाट्या तीन. खात्री करायची तर म[0] इज म[1] चालवून बघा, ट्रू येईल.

प्रत्येक ओळ नव्याने बनवा : म = [[0]*3 फॉर आय इन रेंज(3)]. (म हे देवनागरी नाव पायथन 3 ला चालतं, फॉर, इन, रेंज वगैरे मात्र इंग्रजीतच टाइप करा.)

हाच घोटाळा प्रत काढतानाही होतो. म.कॉपी() फक्त बाहेरची लिस्ट नवी करतं, आतल्या ओळी जुन्याच राहतात. पूर्ण प्रत हवी असेल तर कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी वापरा. नमपायमध्ये (NumPy, आकडेमोडीसाठीची पायथन लायब्ररी) तर अ या अ‍ॅरेचा (आकड्यांच्या तक्त्याचा) अ[0:2] असा तुकडा घेतला तरी तो मूळ अ‍ॅरेचाच भाग असतो. तुकड्यात बदल केला की मूळही बदलतं. तिथे अ[0:2].कॉपी() लिहा.

प्रश्न : नमपायमध्ये अ*ब केलं, पण वहीतल्या गुणाकाराशी उत्तर जुळत नाही.

उत्तर : अ‍ॅरेंच्या बाबतीत * समोरासमोरचे आकडे गुणतो. अ = [[1,2],[3,4]] आणि ब = [[5,6],[7,8]] असेल तर अ*ब म्हणजे [[5,12],[21,32]]. आपल्याला ओळ गुणिले स्तंभ हवं असतं : पहिला कप्पा 1×5 + 2×7 = 19. त्यासाठी अ @ ब लिहा, उत्तर [[19,22],[43,50]]. हे चिन्ह पायथन 3.5 पासून, म्हणजे 2015 पासून आहे.

चौरस मॅट्रिक्स असतील तर जास्त जपा. 2×3 आणि 3×2 ला * लावला तर नमपाय लगेच अडवतो; दोन्ही 3×3 असतील तर चुकीचं उत्तर मुकाट्याने हातात ठेवतो. जुन्या कोडमध्ये एनपी.मॅट्रिक्स (नमपायचाच जुना मॅट्रिक्स प्रकार; एनपी म्हणजे नमपाय) दिसलं, तर तिथे मात्र * म्हणजे खरा मॅट्रिक्स गुणाकारच. असा कोड साध्या अ‍ॅरेवर आणताना प्रत्येक * तपासा.